सिस्टरांनी मोजलेले ठोके

माझ्या मुलीने मला एक पान लिहायला सांगितलं होतं. तिच्या हॉस्पिटलची नवी इमारत झाली, उद्घाटनाच्या दिवशी वाटायला छोटी पुस्तिका काढायची होती. "बाबा, तुम्ही फक्त सुरुवातीचं लिहा," ती म्हणाली. "शरणपूर रोडवरचं आपलं जुनं प्रसूतिगृह, आणि बाळाचे ठोके दाखवणारं मशीन तुम्ही कसं आणलंत ते. नाशकात तेव्हा ते फार थोड्यांकडे होतं ना?"

तीन दिवस मी कागदासमोर बसलो. 'आमच्याकडे मशीन आलं' एवढं लिहून झालं आणि पुढे हात चालेना. मशीनबद्दल खरं लिहायचं तर मोठ्या सिस्टरांबद्दल लिहावं लागतं, आणि त्यांच्याबद्दल मी तीस वर्षांहून जास्त काळ खोटं बोलत आलो आहे. आमच्याकडे एक बाळ गेलं, त्याचा ठपका त्यांच्यावर आला. चूक माझी होती. पुस्तिकेसाठी मी चार गुळगुळीत ओळी दिल्या. हे त्यानंतर, वेळ घेऊन लिहिलेलं आहे.

आमचं प्रसूतिगृह म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या सहा खोल्या आणि एक लांब व्हरांडा. खाली किराणा दुकान. दुकानात मिरची कांडून आली की वर लेबर रूमपर्यंत शिंका. पेशंट पिंपळगाव, दिंडोरी, निफाडकडून यायचे. एका बाळंतिणीबरोबर सात-आठ माणसं, पितळी डबे, चटया आणि हमखास एक ट्रान्झिस्टर. द्राक्षांच्या दिवसांत नर्सच्या टेबलाखाली एखादी पेटी असायचीच, आणि येणारा-जाणारा वाकून चार मणी तोंडात टाकायचा. दुपारी व्हरांड्यात ऊन आडवं पडायचं, त्यात बायका पाय पसरून बाळाच्या दुपट्यांना टाके घालत बसायच्या. मी राउंडला निघालो की पाय आत घ्यायच्या आणि मी पुढे गेलो की पुन्हा पसरायच्या.

मोठ्या सिस्टर नाशिकरोडहून सिटी बसने यायच्या. माझ्याहून तीनेक वर्षांनी मोठ्या. सिव्हिलमध्ये शिकलेल्या, आणि माझ्याकडे आल्या तेव्हाच त्यांच्या हातून इतकी बाळं झालेली की मोजायचं त्यांनी सोडून दिलं होतं. पांढरी साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ. जिना चढून आल्या की पर्स ठेवायच्या आधी कोण अडलंय, कोण सुटलंय ते विचारायच्या.

त्यांच्याकडे एक लाकडी नळी होती. वीतभर लांब, एका टोकाला कर्ण्यासारखी पसरट, दुसऱ्या टोकाला कान टेकायला चपटी. पसरट टोक आईच्या पोटावर ठेवायचं, चपट्यावर कान टेकायचा, की आतल्या बाळाचे ठोके ऐकू येतात. पोटाला लावण्याआधी सिस्टर ती नळी दोन्ही तळव्यांत चोळून गरम करायच्या. "गार लाकूड लागलं की आई दचकते," म्हणायच्या, "आणि मग मला आईचंच धडधडणं ऐकत बसावं लागतं." नळी कानाने दाबून धरायची, म्हणजे दोन्ही हात मोकळे. डाव्या हाताने त्या आईची नाडी धरायच्या. उजव्या हाताच्या बोटाने खाटेच्या लोखंडी कडेवर, आत ऐकू येईल तसा, ठेका धरायच्या. टक टक टक टक. तो आवाज दारातून व्हरांड्यात जायचा आणि सगळ्या बायका सुया थांबवून ऐकायच्या.

"पळतंय गं," कुणी तरी म्हणायचं, आणि मग पुन्हा बोलणी सुरू.

एकदा एका सासूबाईंनी दारातूनच विचारलं, "सिस्टर, ठोके पोराचे हायेत का पोरीचे?"

"आजीबाई, ठोक्याला मिशी नसते," सिस्टर म्हणाल्या. खाटेवरची सून कळा सोडून हसायला लागली.

मी शिकून आलेला, डिग्रीवाला. पण ठोके ऐकायला मला त्यांनीच शिकवलं. माझ्या कानाला काही केल्या ऐकू येईना. "डॉक्टर, तुम्ही पोटावर कान ठेवता आणि डोकं पुस्तकात ठेवता," म्हणाल्या आणि सरळ माझं डोकं धरून दोन बोटं खाली सरकवलं. बंद दाराआड कुणी तरी घाईघाईने चालत गेल्यासारखा आवाज आला. मी मान वर केली तर सिस्टर हसत होत्या. "आला? आता कळ येऊन जाऊ द्या आणि मग ऐका. कळ असताना ठोके कमी होतात, त्याचं काही नाही. कळ गेल्यावर ते परत वर येतात का, ते बघायचं." पुस्तकातही हेच होतं. पण माझ्या लक्षात राहिलं ते असं.

मग मशीन आलं. मुंबईहून टेम्पोने, थर्माकोलमध्ये बसवून. दोन पट्टे, दोन गोल चकत्या, जेलीची बाटली. एक चकती आईच्या कळा टिपणार, दुसरी बाळाचे ठोके. आईला टोचायचं नाही, दुखवायचं नाही, पोटाला नुसते पट्टे बांधायचे. लाल आकडे दिसायचे, खालून कागदाची पट्टी सरकत बाहेर यायची, आणि स्पीकरमधून ठोक्यांचा असा आवाज की जिन्याखाली दुकानदारालाही कळावं.

लोकांना तर मेजवानीच. नुसतं ऐकायला माणसं यायची. लासलगावचे एक कांद्याचे व्यापारी सुनेच्या खाटेशेजारी स्टूल घेऊन बसले होते. आकडा एकशे अडतीस, एकशे बेचाळीस, एकशे पंचेचाळीस असा हलताना बघून म्हणाले, "डॉक्टर, भाव चढतोय!" आणि उतरला की, "आवक वाढली वाटतं." घरी जाताना लोक पट्टीचा तुकडा मागून न्यायचे, अल्बममध्ये लग्नाच्या फोटोशेजारी चिकटवायचे. बरेच बाप तो उलटा धरून बघायचे आणि तरी डोळे भरायचे. मीही न्यायला द्यायचो. ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं, आणि बरं वाटतं याची लाज वाटते.

मशीन कसं वाटलं, असं मी सिस्टरांना विचारलं. "चांगलं आहे. जरा बडबडं आहे." त्यांनी नळी सोडली नाही. अर्ध्या तासाने एकदा त्या पट्टा बाजूला सारून कान लावायच्याच.

"सिस्टर, विश्वास नाही का तुमचा?"

"आहे की. पण घरात काय चाललंय ते सासूला एकदा आणि सुनेला एकदा विचारावं, मग खरं कळतं."

मी हसलो होतो. पण हळूहळू मला ते बोचायला लागलं. पेशंटसमोर त्यांनी पट्टा सारला की मला वाटायचं, लोक म्हणत असतील, डॉक्टरांच्या मशीनला बाईच्या कानाची साक्ष लागते. एक दिवस मी त्यांना सांगितलं, आता बोटाचा ठेका नको, पेशंटचा गोंधळ होतो. त्यांनी बंद केला. त्या दिवशी व्हरांड्यातल्या एका म्हातारीने विचारलं, "आज टकटक नाय का?" सिस्टर म्हणाल्या, "आता रेडिओ आलाय, आजी."

ती मुलगी आली तेव्हा मशीन येऊन वर्ष होत आलं होतं. पिंपळगावजवळच्या गावची, द्राक्षबागायतदारांची सून, वय वीसच्या आत-बाहेर, पहिलं बाळंतपण. सकाळी दाखल झाली. कळा चांगल्या होत्या, ठोके चांगले होते. बरोबर सासू-सासरे आणि नवरा.

दुपारी सव्वादोनच्या सुमारास सिस्टर माझ्या खोलीत आल्या. "डॉक्टर, ठोके सत्तर आहेत."

मी धावतच गेलो, हे खरं आहे. पण लेबर रूममध्ये मशीन एकशे चाळीस दाखवत होतं. स्पीकरमधून घोड्यासारखा आवाज. पट्टीवर सरळ, सुंदर रेघ.

"सिस्टर, तुम्ही आईची नाडी मोजली."

"आईची नाडी माझ्या या हातात आहे," त्या म्हणाल्या. खरंच त्यांनी त्या मुलीचं मनगट धरलेलं होतं. "ती एकशे दहा आहे. मी सत्तर म्हणते ते बाळाचं."

मी पुन्हा मशीनकडे बघितलं. "एकशे चाळीस आहेत," असं म्हणून खोलीत परत गेलो.

दहा मिनिटांनी त्यांनी मला पुन्हा बोलावलं. "अजून सत्तर. कळ गेल्यावरही वर येत नाहीत. डॉक्टर, तुम्ही स्वतः कान लावा." आणि त्यांनी नळी माझ्यापुढे धरली.

मी ती घेतली नाही. सासू दारात उभी होती. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "सिस्टर, मग हे मशीन आपण कशासाठी आणलं?"

त्यांनी नळी टेबलावर ठेवली. मला न विचारता त्या मुलीला डाव्या कुशीवर वळवलं. मुलगी घाबरून म्हणाली, "काय झालं सिस्टर?" "काही नाही बाळा. अशीच राहा. मी इथेच आहे."

पावणेतीनला मशीनवरचा आकडा एकदम सत्तर झाला. मग एकशे चाळीस. पुन्हा सत्तर. मग काहीच नाही. तेव्हा मी कान लावला. आत कुणी चालत नव्हतं, कुणी तरी थांबत थांबत, पाय ओढत जात होतं.

भूल देणारे डॉक्टर शहराच्या दुसऱ्या टोकाला होते. ते येऊन सिझेरियन होईपर्यंत साडेतीन वाजून गेले. मुलगी झाली. रडली नाही. आम्ही तिला बालरुग्णालयात हलवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

काय झालं होतं ते मला सिझेरियनच्याच संध्याकाळी कळलं, कारण मी मशीनचं माहितीपुस्तक काढून वाचलं. हृदयाच्या एका ठोक्यात दोन हालचाली असतात, उघडण्याची आणि मिटण्याची. ठोके फार मंदावले की त्या दोन हालचालींमध्ये अंतर पडतं, आणि त्या काळातली मशिनं त्यांना दोन वेगळे ठोके समजू शकायची. सत्तरचे एकशे चाळीस. पुस्तकात लिहिलं होतं की शंका आल्यास कानाने खात्री करावी. मी ते पुस्तक वर्षभरात उघडलं नव्हतं. त्या पहिल्या अर्ध्या तासात मी सिस्टरांचं ऐकलं असतं तर ते बाळ वाचलं असतं का? मी इतक्या वर्षांत स्वतःला हे हरतऱ्हेने विचारलं आहे. बहुतेक वाचलं असतं.

बाळ गेल्यावर सासरे आले. मोठा माणूस, चांगला माणूस. व्हरांड्यात उभा राहून त्यांनी विचारलं, "डॉक्टर, मशीन एवढं वाजत व्हतं, मग असं कसं झालं?"

मी म्हणालो, "सिस्टरांनी मला वेळेवर सांगितलं नाही."

सिस्टर माझ्यापासून चार पावलांवर उभ्या होत्या. "डॉक्टर?" एवढंच म्हणाल्या. एखाद्याने चुकीचं औषध हातात घेतलं तर जशी हाक मारतात तशी. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

सासूबाईंनी मग तोंड सोडलं. त्या काय बोलल्या ते मी लिहीत नाही. त्यात सिस्टर कुठल्या वसाहतीतून येतात, कुठल्या समाजाच्या आहेत, तेही आलं. "असल्या बायांना कशाला ठेवता?" मी ते थांबवलं नाही. ज्या बाईने मला ठोके ऐकायला शिकवलं, तिच्याबद्दल माझ्या व्हरांड्यात असं बोललं गेलं आणि मी खाली मान घालून उभा राहिलो. सगळ्यांनी इतक्या चटकन विश्वास का ठेवला, हे मला तेव्हाही कळत होतं. मला ते सोयीचं होतं.

त्या संध्याकाळी मी केसपेपर उघडला. सिस्टरांनी त्यांच्या गोल, स्वच्छ अक्षरात सगळं लिहिलेलं होतं: वेळ, आईची नाडी, बाळाचे ठोके सत्तर, डॉक्टरांना सांगितले. मी ते पान काढलं, फाडून टाकलं आणि माझ्या हाताने दुसरं लिहिलं. मशीनची पट्टी मात्र मला फाडवली नाही. ती पाकिटात घालून कपाटात ठेवली.

सिस्टर दुसऱ्या दिवशी आल्या, आपली पर्स, डबा, नळी घेतली आणि गेल्या. त्यांनी भांडण केलं असतं तर मला बरं झालं असतं. पुढच्या महिन्यांत दोन-तीन डॉक्टरांचे फोन आले, "तुमच्याकडच्या त्या सिस्टर कशा आहेत?" मी म्हणायचो, "कामाला चांगल्या आहेत, पण..." आणि थांबायचो. त्या 'पण'मुळे त्यांना नाशकात कुठे बाळंतपणाचं काम मिळालं नाही. त्यांनी एका डोळ्यांच्या दवाखान्यात ड्रेसिंग करत उरलेली नोकरी काढली, हे मला कानावर आलं होतं.

आता मुलीच्या हॉस्पिटलमध्ये नर्सच्या टेबलावर मोठा पडदा आहे. एका वेळी आठ जणींच्या रेघा त्यावर चालतात. मी कधी कधी तिथे खुर्ची टाकून बसतो. मागे एकदा एक तरुण नर्स पेशंटच्या बोटाला आईची नाडी मोजणारा चिमटा लावत होती. "हा कशाला?" मी विचारलं. "आजोबा, मशीन कधी कधी फसतं. आईची नाडी वेगळी दिसली म्हणजे खात्री होते," ती म्हणाली. आता हे शिकवतात. मी घरी आलो आणि कपाटातलं पाकीट काढलं. त्या जातीच्या कागदावर उष्णतेने रेघ उमटते आणि वर्षं गेली की विरते. पट्टी कोरी झाली होती. फिकट राखाडी, दोन हात लांब, काही नाही. म्हणजे आता माझ्याशिवाय दुसरा पुरावा राहिला नव्हता.

मी आधी पिंपळगावला गेलो. ती मुलगी आता पन्नाशीच्या पुढची बाई आहे. त्यांचं स्वतःचं पॅकहाउस आहे. डोक्याला रुमाल बांधून त्या द्राक्षांची प्रतवारी बघत होत्या, हातातली कात्री खाली न ठेवता त्यांनी माझं सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, "मला तेव्हाच कळलं व्हतं. एका खोलीत तर होतो आपण. सिस्टर दोनदा बोलल्या, तुम्ही ऐकलं नाय. पण बाळंतिणीला कोण विचारतं?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "त्यांना सांगितलं का तुम्ही?"

"नाही."

"मग माझ्याकडं आधी कशाला आलात?" आणि त्या पेट्यांकडे वळल्या.

त्याच आठवड्यात मी नाशिकरोडला गेलो. पत्ता डोळ्यांच्या दवाखान्यातल्या जुन्या माणसाकडून मिळाला. वसाहतीतलं दोन मजली घर, वरच्या मजल्यावर राहणं. दार सुनेने उघडलं, शाळेत शिक्षिका आहेत. सिस्टर खिडकीजवळ लसूण सोलत बसल्या होत्या. केस पूर्ण पांढरे, पण बसणं तसंच ताठ.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या, जणू आम्ही कालच भेटलो होतो. "जिना चढून आलात? गुडघे शाबूत आहेत म्हणायचे."

"एकच आहे शाबूत."

"माझा एकही नाही. म्हणून तर कुठे पळून गेले नाही. बसा."

मी सगळं लिहून नेलं होतं, दोन पानं, खाली सही. काय आहे ते सांगितलं आणि वाचायला लागलो. तीन ओळी झाल्या असतील, त्यांनी हात वर केला.

"मला काय वाचून दाखवता? मी तिथेच होते. हिला दाखवा." त्यांनी सुनेकडे मान हलवली.

सुनेने कागद घेतला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून शेवटपर्यंत वाचला. मग पुन्हा पहिल्या पानावर गेल्या. चहा उतू गेला, त्याचा वास आला, तरी त्या हलल्या नाहीत. मग माझ्याकडे न बघता बोलल्या.

"माझं लग्न ठरलं तेव्हा माझ्या माहेरी कुणी तरी सांगितलं होतं, त्या सिस्टरांच्या हातून बाळ गेलंय. माझी दोन्ही बाळंतपणं झाली, दोन्ही वेळा मी यांना आत येऊ दिलं नाही. बाहेर बाकावर बसवलं. या काही बोलल्या नाहीत. मला वाटलं, खरं असेल म्हणूनच बोलत नाहीत."

"बोलून काय करायचं होतं?" सिस्टर लसणाची पाकळी टाकत म्हणाल्या. "डॉक्टरांचा कागद एकीकडे, माझं तोंड एकीकडे. आणि पोरगी पहिलटकरीण, तिच्याशी वाद घालू? चहा बघ, गेला सगळा."

सुनेने गॅस बंद केला. पदराने डोळे पुसले आणि परत बाहेर आल्या त्या शिक्षिकेच्या आवाजात. "हे इथे वाचून भागणार नाही, डॉक्टर. ज्यांनी ऐकलंय ते सगळे बाहेर आहेत. रविवारी सकाळी विहारात वंदनेला लोक जमतात. तिथे येऊन वाचा."

"कशाला तमाशा," सिस्टर म्हणाल्या.

"तमाशा तेव्हा झाला, आई. हा नाही."

मी हो म्हणालो.

रविवारी माझी मुलगी मला गाडीतून घेऊन गेली. तिला मी आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं. ती रात्रभर माझ्याशी बोलली नव्हती, आणि सकाळी गाडीची किल्ली घेऊन दारात उभी होती. विहारात साठ-सत्तर माणसं असतील. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, भिंतीकडेला म्हाताऱ्यांसाठी खुर्च्या. सिस्टर पहिल्या रांगेत खुर्चीवर, शेजारी सून. वंदना झाली, मग तिथल्या एका कार्यकर्त्याने थोडक्यात सांगितलं की हे डॉक्टर आहेत, यांना काही बोलायचं आहे.

मी उभा राहून वाचलं. सत्तर आणि एकशे चाळीस काय ते समजावून सांगितलं. फाडलेल्या पानाचं वाचलं. व्हरांड्यात मी गप्प राहिलो ते वाचलं. 'पण'चं वाचलं. सिस्टर डोळे मिटून ऐकत होत्या.

वाचून झालं. मग मागून एक वयस्कर बाई उभ्या राहिल्या. "डॉक्टरसाहेब, माझ्या लेकीच्या वेळी आम्ही यांना सोडून दुसरीकडं गेलो. गल्लीतच तर राहतो. एवढी वर्षं तुम्ही काय करत होता?"

"घाबरत होतो," मी म्हणालो. "आधी दवाखाना बंद पडेल म्हणून. मग मुलीला कळेल म्हणून. मग नुसतंच."

"आणि यांनी एवढी वर्षं काय काढलं?"

मी सिस्टरांकडे बघितलं. बाई खाली बसल्या.

तेव्हा सिस्टरांनी डोळे उघडले. "त्यात एक चूक आहे," त्या म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता, पण सगळे ऐकत होते. "तुम्ही दोनदा लिहिलंय. मी तीनदा सांगितलं."

"दोनदा, सिस्टर. सव्वादोनला आणि नंतर..."

"त्याच्या आधी एकदा. दोन वाजता. मालेगावचे एक डॉक्टर तुमच्याकडे मशीन बघायला आले होते, तुम्हाला आठवत नाही. व्हरांड्यात उभे राहून तुम्ही त्यांना पट्टी दाखवत होता. मी दारातून म्हटलं, डॉक्टर, जरा येता का, ठोके उतरतायत. तुम्ही हात असा केला." त्यांनी तळहात माझ्याकडे केला, थांबा म्हणावं तसा.

आणि मला ते डॉक्टर दिसले. त्यांचा चेक्सचा शर्ट, चष्मा कपाळावर चढवून पट्टी बघण्याची त्यांची पद्धत. मी त्यांना काय सांगत होतो तेही आठवलं. मी म्हणत होतो, आता नर्सच्या कानावर अवलंबून राहायला नको. इतकी वर्षं मी त्या दुपारची उजळणी करत आलो, आणि दर वेळी ती सव्वादोनला सुरू व्हायची. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा हातात सगळ्यात जास्त वेळ होता. तेवढीच पंधरा मिनिटं मी विसरून गेलो होतो.

"बरोबर आहे," मी म्हणालो. "तीनदा."

"मग तसं लिहा."

मी खिशातून पेन काढलं. टेकायला काही नव्हतं, माझ्या मुलीने पुढे होऊन आपली पर्स कागदाखाली धरली. 'दोनदा'वर काट मारली, वर 'तीनदा' लिहिलं, शेजारी 'पहिल्यांदा दोन वाजता, व्हरांड्यात' असं लिहिलं, आणि दुरुस्तीपुढे पुन्हा सही केली. सिस्टरांच्या सुनेने ते वाचलं, सासूला वाचून दाखवलं, सिस्टरांनी मान हलवल्यावर कागदाची घडी घातली आणि आपल्याजवळ ठेवली.